दोन ‘सीए’

रक्ताच्या रिपोर्टवर सगळे आकडे एकाखाली एक निमूट उभे असतात. एखादाच ठळक छापलेला असतो आणि त्याच्या शेजारचा बाण वर तोंड करून असतो. ओळखीतल्या एका काकूंच्या रिपोर्टवर मध्यंतरी तसा बाण होता. कॅल्शियम ११.४, आणि शेजारी छापलेली मर्यादा ८.५ ते १०.५. काकूंचं चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. मग किमो, मग रेडिएशन, आता रोज लेट्रोझोलची एक गोळी. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत हाडं विरळ झालेली दिसली म्हणून ‘हाडांचं इंजेक्शन’ सुरू करायचं ठरलं आणि त्याआधीची नेहमीची रक्ततपासणी म्हणून हा रिपोर्ट हातात आला. मुलानं लॅबच्या पायऱ्यांवरच मोबाइल काढला, दोन मिनिटं काहीतरी वाचलं आणि गुपचूप खिशात टाकला. काकूंनी विचारलं, “काय रे?” तो म्हणाला, “काही नाही आई, चल.” रिक्षात बसल्यावर काकूच म्हणाल्या, “परत आलाय ना? सांग की सरळ.”

पुढचे तीन आठवडे त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. आधी बोन स्कॅन झाला. त्यात बरगडीवर एक ठिपका उजळला आणि रिपोर्टात ‘संशयास्पद’ हा शब्द आला. मग पेट स्कॅनसाठी तारीख, त्यासाठी पैशांची जुळवाजुळव, गावाहून धाकटी बहीण मुक्कामाला. पेट स्कॅनमध्ये कर्करोग पसरल्याची खूण सापडली नाही, पण कॅल्शियम तिथल्या तिथेच. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळी जुनी फाईल मागून घेतली. ते पानं मागे मागे उलटत गेले आणि कर्करोगाच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीवर त्यांनी बोट ठेवलं. कॅल्शियम १०.९. म्हणजे स्तनातली गाठ निघण्याच्या आधीपासूनच कॅल्शियम चढलेलं. त्यांनी नळीभर रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली, पीटीएच. ते वाढलेलं निघालं. कर्करोग परत आलेला नव्हता. मानेतली एक इवलीशी ग्रंथी सुजाण कारभाऱ्याचं काम सोडून कित्येक वर्षं काकूंच्या हाडांतून कॅल्शियम उपसत बसली होती. बरगडीवरचा ठिपका म्हणजे त्याच ठिसूळ हाडाला कधीतरी गेलेली बारीक चीर.

पेट स्कॅनच्या मानानं ही पीटीएचची तपासणी किरकोळ खर्चाची. ती पहिल्याच दिवशी का झाली नाही? उत्तर फाईलच्या पुठ्ठ्यावर आहे. तिथं जाड पेनानं लिहिलेलं असतं, ‘सीए ब्रेस्ट’. दवाखान्याच्या लघुलिपीत ‘सीए’ म्हणजे कार्सिनोमा, कर्करोग. रसायनशास्त्राच्या लघुलिपीत तीच दोन अक्षरं म्हणजे कॅल्शियम. एकाच बाईच्या कागदांवर हे दोन ‘सीए’ शेजारी आले की पहिला दुसऱ्याला गिळतो. आकडा चढला तो कर्करोगानंच चढवला असणार, असं डॉक्टरांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे धरून चालतात. धरून चालणं हा काही तपासणीचा प्रकार नव्हे.

मानेतली ही ग्रंथी मुळातच दुर्लक्षाच्या राशीची. मानेत पुढच्या बाजूला थायरॉइड असते. तिच्या पाठीला टेकून साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी बसलेल्या असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना परावटू ग्रंथी म्हटलेलं असतं आणि परीक्षा संपली की तो शब्दही विसरला जातो. प्रत्येकीचं आकारमान तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात भारतातला एक एकशिंगी गेंडा होता, तो १८४९ च्या अखेरीस मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉइडला चिकटलेली एक लहानशी पिवळट गाठ टिपून ठेवली. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन व्हायला १८८० उजाडलं. ते केलं स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रोम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं, आणि त्याच्या निबंधाची त्या वेळी कुणी फारशी दखल घेतली नाही. त्यानंतर अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा एक जहाजाचा कप्तान या ग्रंथीपायी हाडं झिजून काही इंचांनी बुटका झाला. ग्रंथी सापडावी म्हणून त्याच्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि सहाही वाया गेल्या. सातवी १९३२ साली झाली. ग्रंथी मानेत नव्हतीच, ती छातीत उतरून बसली होती. तोवर फार उशीर झाला होता. मूत्रपिंडं खड्यांनी निकामी होत आलेली, आणि कप्तान काही आठवड्यांतच गेला. शंका जिथे जात नाही तिथे ही ग्रंथी बसते, ही तिची सवय जुनीच म्हणायची.

तिचं काम मात्र मोठं. हाड म्हणजे शरीराची कॅल्शियमची कणगी. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की या ग्रंथी पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन, सोडतात. त्या हुकमानं कणगीतून थोडं कॅल्शियम बाहेर निघतं, मूत्रपिंडं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात आणि ड जीवनसत्त्व कामाला लागून अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषलं जातं. रक्तातला आकडा पुरेसा झाला की ग्रंथी गप्प बसतात. चौघींपैकी एकीत साधी, कर्करोगाची नसलेली गाठ झाली की ती गप्प बसायचं विसरते. दहांपैकी आठ रुग्णांत बिघाड असा एकाच ग्रंथीत असतो. कणगी रिकामी होत राहते, हाडं भुसभुशीत होतात, उपसलेलं कॅल्शियम मूत्रपिंडात खडे करतं, पोट साफ होत नाही, तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, माणूस थकतो, विसरतो, उदास होतो.

आता दुसरी बाजू, आणि ती खोटी नाही. कर्करोगानंही कॅल्शियम चढतं. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला तर तो हाड पोखरतो आणि कॅल्शियम रक्तात सांडतं. कधी गाठ हाडापासून लांब असूनही हाच प्रकार होतो. १९४१ साली फुलर ऑलब्राइट यांनी तर्क मांडला की गाठ स्वतःच पीटीएचसारखं काहीतरी बनवत असावी. ते ‘काहीतरी’ १९८७ साली हाती लागलं. पीटीएचशी त्याचं तोंडवळ्यानं इतकं साम्य की हाड आणि मूत्रपिंड त्याला ओळखू शकत नाहीत, त्याचा हुकूम खऱ्याचाच समजून पाळतात. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला तेव्हा पुण्यातल्या शहाण्यासुरत्यांचीही अशीच पंचाईत झाली होती.

पण रक्तातला हा तोतया ओळखायला पंचांची सभा लागत नाही. तोतयानं कॅल्शियम चढवलं की मानेतल्या खऱ्या ग्रंथी रक्तातला आकडा पाहून मुकाट बसतात, त्यामुळे खरं पीटीएच तळाला जातं. ग्रंथी स्वतःच बिघडलेली असेल तर कॅल्शियम चढलेलं असूनही पीटीएच वाढलेलं सापडतं, निदान ‘नॉर्मल’ मर्यादेच्या आत तरी सापडतं. इथंच आणखी एक फसगत होते. कॅल्शियम ११.४ असताना पीटीएच ‘नॉर्मल’ आलं तर ते नॉर्मल नसतं. आगीच्या वेळी पाण्याचा बंब आरामात उभा असेल तर त्याला कुणी शिस्तीत आहे म्हणत नाही. चढलेल्या कॅल्शियमच्या दहा रुग्णांपैकी नऊ जणांत कारण या दोहोंपैकी एक असतं, कर्करोग किंवा पॅराथायरॉइड. म्हणजे प्रश्न दोन उत्तरांचा, आणि त्यांना वेगळं करणारी चाचणी एका नळीतली. तरी ती फॉर्मवर शेवटी लिहिली जाते, किंवा लिहिलीच जात नाही.

आकड्याची चालही काही सांगते. कर्करोगानं चढलेलं कॅल्शियम बहुधा घाईत असतं. आठवड्यांत १३, १४ गाठतं आणि रुग्ण डोळ्यांदेखत खालावतो. उलट्या होतात, गुंगी येते, माणूस असंबद्ध बोलतो. ही तातडीची वेळ. घरी थांबून रिपोर्टांचा कीस काढत बसायची नव्हे, तडक दवाखाना गाठायची. पॅराथायरॉइडचं कॅल्शियम बहुधा सावकाश, १०.७, ११, ११.३ असं वर्षानुवर्षं रेंगाळतं. म्हणून सगळ्यात स्वस्त तपासणी कोणती, तर जुनी फाईल. घरातल्या कपाटात गाद्यांखाली दाबून ठेवलेले पिवळे पडलेले रिपोर्ट हे त्या बाईचं चरित्र असतं, आणि ते वाचायला फुरसत काढणारा डॉक्टर भेटला तर निम्मं निदान तिथंच होतं.

हे सगळं दुर्मीळ आहे असं वाटत असेल तर दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. भारतातल्या बायकांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा. २०२२ या एका वर्षात देशात त्याच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. पॅराथायरॉइडचा हा बिघाडही बायकांचाच जास्त, एका पुरुषामागे साधारण तीन बायका, आणि तोही बहुतेक पाळी गेल्यानंतरचा. या दोन आजारांत आतून काही नातं आहे का, यावर संशोधक वाद घालतात. नातं नसलं तरी एका वयाच्या, एका वस्तीतल्या दोन पाहुण्यांची कधीतरी एकाच घरी गाठ पडणारच. त्यासाठी योगायोगही फार मोठा लागत नाही.

आणि गाठ पडली तरी लक्षात येत नाही, याचं कारण लक्षणं. हाडं दुखणं, थकवा, बद्धकोष्ठ, विसरणं, मन न लागणं, ही पॅराथायरॉइडची यादी. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेल्या कुठल्याही बाईला ती वाचून दाखवा. ती म्हणेल, ही माझीच. किमोनंतर महिनोन्‌महिने थकवा राहतो, लेट्रोझोलनं सांधे धरतात, पाळी अचानक थांबल्यानं हाडं विरळ होतात. त्यामुळे ओपीडीत तक्रार तोंडातून बाहेर पडायच्या आत उत्तर तयार असतं, “किमोचा परिणाम आहे, होईल कमी.” बहुतेक वेळा ते खरंही असतं, आणि म्हणूनच घातक. नऊ वेळा खरं ठरलेलं उत्तर दहाव्या वेळी तोंडातून आपोआप येतं.

बरं, चूक एकाच दिशेनं होत नाही. कर्करोग पसरला असं समजून स्कॅनमागून स्कॅन करणं ही एक. या ग्रंथीच्या जुन्या बिघाडात हाडांना पोकळ डाग पडतात, ते स्कॅनवर हाडांत उतरलेल्या कर्करोगासारखे दिसू शकतात. तिथं पीटीएच न पाहता उपचार ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्याच पत्त्यावर जप्ती नेणं. दुसरी चूक शांतपणे होते. “कॅल्शियम वाढलंय? मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा,” एवढ्यावर विषय संपतो. आकडा थोडा उतरतो, किंवा हाडांचं इंजेक्शन दिल्यावर काही काळ उतरतो, बाण गायब होतो, सगळे हुश्श करतात आणि ग्रंथी आपलं काम चालू ठेवते. आधीच लेट्रोझोलनं विरळ झालेल्या हाडांवर हा दुसरा डल्ला. मग न्हाणीघरात पाय घसरायचा आणि खुबा मोडायचा, आणि तेव्हाही कुणीतरी म्हणायचं, वयोमान.

गोळ्यांच्या डब्याकडेही बघायला हवं. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांत थायझाइड जातीचं लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, ते कॅल्शियम चढवतं. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटांची पुडी आठवड्याला एक घ्यायची, ती गैरसमजानं रोज घेणारी माणसं आहेत. एकाच इंजेक्शनात ६ लाख युनिटं टोचून घेणारी तर आपल्याकडे भरपूर. त्यांचंही कॅल्शियम चढतं, आणि त्यात पीटीएच खाली जातं. क्षयरोगातही हे घडू शकतं. म्हणजे पीटीएच खाली आलं तरी लगेच कर्करोगाचा निकाल लावून मोकळं होता येत नाही. आणखी एक खोच अगदी या रुग्णांसाठीची. किमोनंतर केस लवकर यावेत म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात. काही यंत्रांवर जास्त मात्रेचं बायोटिन पीटीएचचा आकडा खोटाच कमी दाखवतं. बिघडलेली ग्रंथी त्यामुळे निर्दोष सुटते आणि संशय पुन्हा कर्करोगावर. ही गोळी केसांची, तिचा हाडांशी काय संबंध, असं वाटून ती कुणी डॉक्टरला सांगत नाही. सांगावी.

मागणं मोठं नाही. कर्करोगाच्या फाईलमध्ये कॅल्शियम मर्यादेबाहेर दिसलं, तर ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाशी ताळा करून पुन्हा एकदा पाहावं, आणि पुन्हा चढलेलंच निघालं तर त्याच नळीत पीटीएच, ड जीवनसत्त्व आणि क्रिॲटिनिन करावं. स्कॅनची चिठ्ठी त्यानंतर, किंवा फार तर तिच्या जोडीनं. लॅबवाले रिपोर्टाच्या तळाशी ‘वैद्यकीय सल्ला घ्यावा’ असं छापतातच. त्याऐवजी ‘पीटीएच पाहावं’ एवढी एक ओळ छापायला शाई जास्त लागणार नाही. कर्करोगाच्या ओपीडीत ग्रंथींचे डॉक्टर बसत नसतील तर निदान चिठ्ठीची वाट तिकडे मोकळी असावी. पीटीएच वाढलेलं निघालं म्हणून कर्करोगाकडे पाठ फिरवावी असंही नाही. दोन्ही आजार एकाच शरीरात राहू शकतात आणि तेव्हा दोन्हींचा माग काढावा लागतो. आग्रह एवढाच की दुसऱ्याचं नाव यादीत असावं.

ऑक्टोबरात शहरातल्या इमारतींवर गुलाबी दिवे लागतात, चालण्याच्या शर्यती होतात, टोप्या वाटल्या जातात. गाठ लवकर ओळखा, हा त्यांचा निरोप योग्यच आहे. पण गाठ काढून झाल्यावर ती बाई पुढे वीस-पंचवीस वर्षं जगणार असते, आणि त्या वर्षांत तिला इतर चारचौघींसारखे इतर चार आजार होणार असतात. एकदा कर्करोग झाला की बाकीच्या दुखण्यांनी तिच्या घरी यायचं नाही असा काही करार झालेला नसतो. कर्करोगातून उठलेल्या बाईला पुन्हा साधी रुग्ण होण्याचा हक्क आहे, म्हणजे तिच्या तक्रारीकडे कोऱ्या कागदावर पाहिलं जाण्याचा.

काकूंची शस्त्रक्रिया सोपी झाली. मानेची सोनोग्राफी आणि ग्रंथींचा स्कॅन या दोहोंनी खालची डावी ग्रंथी दाखवली होती. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून ग्रंथी काढून झाल्यावर दहा मिनिटं थांबून टेबलावरच रक्त घेतात. आकडा निम्म्याहून खाली आला की चोर सापडला. काकूंचा आला. त्या संध्याकाळी त्यांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. वर्षानुवर्षं लुटली गेलेली हाडं आता रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखी ओढून घेत होती. बंद केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी भरपूर.

महिन्याभरानं त्या टाके दाखवायला गेल्या तेव्हा कॅल्शियम ९.३ होतं. पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला नाही, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. डॉक्टर समाधानानं फाईल मिटत होते. काकूंनी पिशवी सावरली आणि विचारलं, “डॉक्टर, मग ही माझी हाडदुखी चार वर्षं किमोच्या नावावर कशी काय खपली?”

फाईल मिटलेली होती. पुठ्ठ्यावर अजूनही जाड पेनातली तीच दोन अक्षरं होती.